तर्रीचं तेल

पाकिटात करडईचे सत्तेचाळीस दाणे होते. हृदयाला सोसणाऱ्या तेलासाठी करडईचं नवं वाण घडवणाऱ्या चिन्मयीला त्यात पंचाहत्तर टक्के ओलिक आम्ल हवं होतं. मागच्या पिकात ते एकाहत्तरवर अडलं होतं.

हृदयविकाराचा झटका आल्यापासून तिचे बाबा तर्रीचा तेलकट रस्सा सोडून कोरडे पोहे खात.

"काहून वं, माह्या तर्रीचं तेल कधी? मी गेल्यावर फोडणी देशीन का?"

"थांबा ना बाबा, शेतात पिकतं ते, दुकानात नाही."

त्यांची तेरवी आटोपून ती प्रयोगशाळेत आली. प्रत्येक दाण्याचा अर्धा भाग तिने तपासणीसाठी कापला. कोंबाकडचा अर्धा पेरणीसाठी जपून ठेवला.

संध्याकाळी आकडे आले. तेविसाव्या दाण्यात ओलिक आम्ल एकोणऐंशी टक्के होतं.