सॉसेजची दोन टोकं

फ्रीडरिकेचा बाप सरळ बोलत नसे. खोटं बोलायचा असं नाही. त्याच्याइतका सचोटीचा खाटीक दक्षिण जर्मनीतल्या आल्ब डोंगराच्या पायथ्याच्या सगळ्या गावांत सापडला नसता. पण गोटहिल्फ हेबर्लेने तोंड उघडलं की बाहेर म्हणच पडायची. "बाबा, रविवारी जायचं का फिरायला?" असं विचारलं तर उत्तर, "माझ्यासाठी ते सॉसेजच आहे," म्हणजे मला काय, दोन्ही सारखंच. काही समजलं नाही तर "मला नुसतं स्टेशन कळतंय." समोर ठेवलेली सुरी कुणाला दिसली नाही तर "डोळ्यांवर टोमॅटो ठेवलेत का?" कुणाचं नशीब फळफळलं तर "डुक्कर लाभलं गड्याला!" आणि दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात पुडकं देताना ठरलेलं पालुपद: "प्रत्येक गोष्टीला शेवटचं टोक एकच असतं, सॉसेजला तेवढी दोन!"

गिऱ्हाइकं हसायची. ती कधीतरी येणारी, त्यांचं काय जातं? घरच्यांना तीन वेळ जेवणाबरोबर हे वाढलेलं असायचं. बायको रोझविटा तर म्हणायची, "मी लग्न माणसाशी केलं की कॅलेंडरच्या मागच्या पानाशी, हेच मला अजून कळलेलं नाही."

लहानपणी फ्रीडरिकेला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं. बाप तिला काउंटरवर बसवून शब्द सोलून दाखवायचा. हातमोजा म्हणजे काय? हाताचा बूट! कासव म्हणजे? ढालवाला बेडूक! ती पोट धरधरून हसायची. पण माणूस मोठं होतं, शिकतं, हँबुर्गला नोकरीला जातं. तरी दर रविवारी फोन लावला की पलीकडून, "काय रिके, तिथं कोल्हा आणि ससा एकमेकांना शुभ रात्री म्हणतात की नाही?" ही म्हण ओसाड खेड्यांसाठी आहे, हँबुर्ग हे बंदर आहे, लाखोंनी वस्ती आहे, हे तिने किती वेळा सांगितलं. उपयोग शून्य. तब्येत विचारली की म्हणायचा, "पट्टा दोन भोकं पुढे सरकलाय. दुःखाची चरबी!" मनाला लागलं की माणूस खात सुटतो आणि जे वाढतं, त्याला आमच्याकडे असं म्हणतात. खाटकाच्या तोंडी शब्द शोभायचा. ती "बाबा, पुरे," म्हणायची आणि फोन आईकडे मागायची.

खरी बोंब झाली ती साखरपुड्याच्या जेवणाला. फ्रीडरिकेचा होणारा नवरा हाउके हा हँबुर्गचा. त्याची आई, फ्राउ यान्सेन, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, नवरा गेल्यापासून एकटी, आणि मुलगा एकुलता एक. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, मोजकं बोलणं, वाफवलेला मासा. गोटहिल्फने मासा संपवला आणि विचारलं, "आणि आता जेवायला काय?" फ्राउ यान्सेननी रुमाल घडी करून ठेवला. तेवढ्यावर थांबावं की नाही? छे! वातावरण हलकं करावं म्हणून हा गृहस्थ म्हणाला, "अहो, असं रुसलेल्या कलेजीच्या सॉसेजसारखं तोंड काय करताय!"

आमच्या गावात हे कुणीही कुणालाही म्हणतं. हँबुर्गच्या त्या टेबलावर मात्र ते कुणीच कुणाला म्हटलेलं नव्हतं. फ्राउ यान्सेन उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं सौजन्य होतं की फ्रीडरिकेला हुडहुडी भरली.

म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ती दुकानाच्या मागच्या खोलीत गेली. बाप सॉसेज भरत होता.

"बाबा, आज एक वचन दे. उद्या लग्न लागेपर्यंत एक म्हण नाही. एकसुद्धा नाही."

"अगं, चर्च गावातच राहू दे," गोटहिल्फ म्हणाला. उगाच ताणू नकोस, असा त्याचा अर्थ.

"हेच! हेच ते! बाबा, त्या बाई आज संध्याकाळी येताहेत. अजून तुम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणता. त्या वयाने मोठ्या, 'तू' म्हणायला त्यांनीच सांगायला हवं, आणि त्या सांगत नाहीयेत. का सांगत नाहीयेत, माहीत आहे तुला. एक संध्याकाळ माणसासारखा बोल. माझ्यासाठी."

गोटहिल्फने हात पुसले. तोंड उघडलं, मिटलं, आणि हात पुढे केला. त्याने हातावर हात दिला म्हणजे विषय संपला. बैलाचा सौदा असो नाहीतर हा.

संध्याकाळी भांडी फोडायला सगळी गल्ली जमली. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या दारात चिनी मातीची भांडी फोडायची, तुकड्यांनी नशीब उघडतं. आणि ते तुकडे नवरा-नवरीने दोघांनीच मिळून झाडायचे, कारण संसारातली घाण पुढे दोघांनाच उपसायची असते. तिसऱ्याने झाडूला हात लावायचा नाही. काच फोडायची नाही, आरसा तर नाहीच. बाकी काहीही चालतं आणि लोक काहीही आणतात. घरोघरच्या कपाटांतून कान तुटलेले कप, फुलदाण्या, वर्षानुवर्षं नकोशा झालेल्या भेटी बाहेर पडल्या आणि दारात खळ्ळकन फुटू लागल्या. फ्रीडरिके आणि हाउके झाडत होते, लोक फोडत होते. एक ढीग भरला की गल्लीतली टारगट मंडळी लाथेने तो परत पसरायची. ही पण प्रथाच. प्रथेला काय, झाडायला दुसरं कुणी असतं.

गोटहिल्फ शेगडीपाशी उभा राहून सॉसेज भाजत होता. गप्प. मूग गिळून बसणं काय असतं ते त्या दिवशी गावाने पाहिलं.

"काय गोटहिल्फ, जावई पसंत ना?" बेकरीवाल्याने विचारलं.

गोटहिल्फने मान हलवली.

"दातखीळ बसली का रे?"

पुन्हा मान. बेकरीवाल्याने रोझविटाला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का?"

फ्राउ यान्सेन वेळेवर आल्या. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक ताटली होती. ती त्यांनी फोडली नाही, तशीच धरून ठेवली. पण बाई मनापासून आल्या होत्या, हे म्हणायला हवं. थेट शेगडीपाशी गेल्या, कागदी बशीत एक सॉसेज घेतलं, खाल्लं आणि म्हणाल्या, "हेर हेबर्ले, सॉसेज फार छान झालंय."

मुख्याध्यापक बाईंच्या तोंडून हे म्हणजे पहिला नंबरच की! याला उत्तर म्हणून गोटहिल्फच्या जिभेवर निदान सहा म्हणी गर्दी करून आल्या असतील. त्याचा चेहरा लाल झाला. ओठ हलले. मग तो कसाबसा म्हणाला, "हवा... बरी आहे." आणि पाठ फिरवून सॉसेजं उलटू लागला.

फ्राउ यान्सेननी बशी खाली ठेवली.

फ्रीडरिकेने हे ढिगाऱ्यापलीकडून पाहिलं आणि तिने कपाळावर हात मारला. हा माणूस म्हणी सोडून बोलेल, असं आपल्याला वाटलंच कसं? म्हणी काढल्या तर आत काही उरणार आहे का, हे आधी बघायला नको होतं? सुधारता सुधारता आणखी बिघडवणं, याला आमच्या भाषेत एक अख्खा शब्द आहे. तो आज तिच्या कपाळावर लिहिलेला होता.

थोड्या वेळाने हाउके तिच्याजवळ आला. "आई जायचं म्हणतेय. सकाळच्या गाडीने."

"सकाळच्या? अरे, सकाळी लग्न आहे!"

"ती म्हणतेय, ज्या घराला आपण नकोसे आहोत तिथं टेबलाला बसायचं नाही. तुझ्या बाबांना हे लग्नच नकोय असं तिचं म्हणणं." हाउकेने सुपली खाली ठेवली. "खरं सांगू? मलाही तसंच वाटायला लागलंय. माझ्याशीही बोलले नाहीत ते."

"तो माझ्यामुळे गप्प आहे रे!"

"म्हणजे?"

ती सांगणार, तेवढ्यात बेकरीवाला आणि त्याचे दोघे मेहुणे "बाजूला व्हा, बाजूला!" करत आले आणि त्यांनी एक जुनं संडासाचं भांडं दाराच्या पायरीवर आपटलं. धडाम! तुकडे पार गटारापर्यंत उडाले. गल्लीने टाळ्या वाजवल्या. फ्रीडरिकेने झाडू पाहिला, तुकडे पाहिले, निघायच्या तयारीत उभ्या राहिलेल्या फ्राउ यान्सेनना पाहिलं, आणि तिला रडूच फुटलं. झाडू हातातून गळाला.

गोटहिल्फने चिमटा टाकला. शेगडी सोडून तो आला, झाडू उचलला आणि खाली मान घालून भराभर तुकडे झाडू लागला.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी "अरे, अरे!" म्हणालं. रोझविटाने तोंडावर हात ठेवला. नवरीच्या बापाने झाडू धरला होता! दोघांच्या संसारात, तो सुरू व्हायच्या आधीच, तिसऱ्याने हात घातला होता.

"बघितलंस, हाउके?" फ्राउ यान्सेन मोठ्याने म्हणाल्या. "तोंडाने सांगवत नव्हतं, हाताने सांगितलं."

"बाबा!" फ्रीडरिके किंचाळलीच. "काय करतोयस तू? ठेव तो झाडू! आणि बोल! या सगळ्यांसमोर बोल काहीतरी!"

"तुला वचन दिलंय," गोटहिल्फ म्हणाला.

"खड्ड्यात गेलं वचन! म्हणी बोल, काय वाट्टेल ते बोल, पण बोल!"

गोटहिल्फ सरळ उभा राहिला. एक हात झाडूवर, दुसऱ्याने ॲप्रनला पुसापुशी. मग तो फ्राउ यान्सेनकडे वळला.

"प्रत्येक गोष्टीला शेवटचं टोक एकच असतं," तो म्हणाला, "सॉसेजला तेवढी दोन."

फ्रीडरिकेने डोळे मिटले. संपलं. लग्न, संसार, सगळं.

"हे मी रोज म्हणतो. लोक हसतात, मीही हसतो. पण फ्राउ यान्सेन, सॉसेज कसं करतात, पाहिलंय तुम्ही? एक टोक आधी बांधायचं. मग भरत जायचं. घाई केली तर फुटतं, कमी भरलं तर सुरकुततं. आणि पुरतं भरलं की दुसरं टोक बांधून हातावेगळं करायचं. ही पोर जन्मली तेव्हा पहिलं टोक मी बांधलं. जे होतं ते भरलं. माझ्याकडे होतं काय? दुकान आणि हे शब्द. तेच भरले. आता दुसरं टोक बांधायचं ते हँबुर्गला, तुमच्या हाउकेने. ते बरोबरच आहे. पोरगा चांगला आहे, मला पसंत आहे. पण माझा हात सुटत नाहीये हो. ती रडली आणि हात आपोआप गेला. प्रथा मोडायची नव्हती मला."

साऱ्या गल्लीसमोर, अख्ख्या बेकरीसमोर बापाने आपल्याला सॉसेज केलं, हे फ्रीडरिकेला कळत होतं. एरवी ती जमिनीत गडप व्हायला तयार झाली असती. पण तिच्या कानात दुसरंच वाजत होतं: पट्टा दोन भोकं पुढे सरकलाय, दुःखाची चरबी. चार वर्षं हा माणूस दर रविवारी फोनवर सांगत होता. याहून सरळ त्याने काय सांगायचं होतं? आणि ती म्हणत होती, बाबा, पुरे.

फ्राउ यान्सेननी काखेतला वर्तमानपत्राचा कागद सोडवायला घेतला. ताटली निळ्या काठाची होती.

"ही माझ्या लग्नातली," त्या म्हणाल्या. "सेटमधली शेवटची उरलेली. नवरा गेल्यापासून जेवायला काढलीच नव्हती. हेर हेबर्ले, त्या दिवशी तुम्ही मला जे म्हणालात ना, कलेजीचं... ते होतेच मी. रुसलेच होते. तुमच्यावर नाही. तो मासा हाउकेच्या आवडीचा, आणि मी टेबल मांडताना सारखी म्हणत होते, आता हा घास याला दुसरी कुणी वाढणार. मला शब्द सापडत नव्हता, तुम्हाला पटकन सापडला. म्हणून राग आला."

आणि बाईंनी ताटली दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि पायरीवर अशी आपटली की बेकरीवाला दोन पावलं मागे सरला.

"माझं नाव एल्के," त्या म्हणाल्या. "आता 'तू' म्हण मला."

"गोटहिल्फ," तो म्हणाला. "एल्के, गाय बर्फावरून उतरली बघ!"

संकट टळलं, एवढंच त्याला म्हणायचं होतं. रोझविटाने आकाशाकडे पाहिलं. "झालं," ती म्हणाली, "सुरू झाला." पण ती डोळे पुसत होती.

हाउके सुपली घेऊन ओणवा झाला. झाडायचं अजून सगळंच बाकी होतं: संडासाचं भांडं, ढीगभर कप, आणि सगळ्यांत वर ते निळ्या काठाचे तुकडे. फ्रीडरिके बापाजवळ गेली.

"बाबा, झाडू दे."

"हो, हो. घे की." गोटहिल्फने झाडू पुढे केला. तिने खालून दांडा धरला. पण वर त्याची मूठ काही उघडेना. तो मुठीकडे बघत होता, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

"सोडतो," तो म्हणाला. "सोडतो, पोरी."

मागून कुणीतरी आणखी एक कप फोडला. हाउके सुपली धरून थांबला होता. फ्रीडरिकेने झाडू ओढला नाही. आपलं टोक धरून ती तशीच उभी राहिली.