शब्बाथला फुगणारी विहीर

आभाळात तीन तारे दिसले, शनिवारचा शब्बाथ संपला, आणि अख्खे गाव जुन्या विहिरीकडे धावत सुटले. यरुशलेमच्या देशात, किर्यात गात शहराच्या दक्षिणेला वसलेले हे साठ घरांचे शेतकरी गाव. बहुतेक मंडळी अलिबाग-पेणकडची ज्यू, मुंबईमार्गे आलेली. साल १९६३, ऐन उन्हाळा. काठावर प्रेषित एलियाहू हन्नाबींच्या नावाने मलिद्याचे ताट मांडले होते, आणि त्यामागे महिन्यातून एकदा गावात येणारा, पांढऱ्या सदऱ्यातला मिखाएल दोन्ही हात वर करून उभा होता.

"हन्नाबी मला स्वप्नात म्हणाले, मिखाएल, या गावाखाली मी झरा फोडलाय! दर शब्बाथला पाणी वर येईल, बाकीचे दिवस मुरेल. मुरलेलं पाणी कुठं जाईल? झाडाच्या मुळाशी! कुठल्या झाडाच्या? संत्र्याच्या!"

हन्नाबींना संत्र्यांची एवढी काळजी कधीपासून, असा प्रश्न येहुदितच्या जिभेवर आला होता. तेवढ्यात म्हाताऱ्या मनाशेकाकांनी कंदील खाली सोडला. शुक्रवारी पाण्याच्या कडेला डांबराने ओढलेली रेघ पार बुडाली होती. पाणी चांगले वीतभर वर आले होते. जिच्यावर पंप नाही, पोहरा नाही, अशा विहिरीचे पाणी वर येते म्हणजे काय!

"आता तरी पटलं?" रूबेनने बायकोला कोपराने डिवचले.

ही बायको म्हणजेच येहुदित झिराडकर. पेणला ती शाळेत गणित शिकवायची. इथे पाणी-कचेरीसाठी हीच विहीर मोजायची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दोराला शिसे बांधून खाली सोडायचे आणि आकडा वहीत लिहायचा, असे सहा वर्षे चालले होते. वहीप्रमाणे पाणी दरसाल वीतभर खाली चालले होते. आणि तिचा नवरा आपल्या दहा दुनमांतले, म्हणजे अडीच एकरांतले टोमॅटो उपटून पुढच्या रविवारी संत्र्याची चारशे रोपे लावायला निघाला होता. रोपे अर्थातच मिखाएलच्या मेहुण्याच्या वाफ्यातली. जमीन काय ती तेवढीच. बाग वाळली तर खायचे काय, या विचाराने येहुदितला झोप नव्हती.

"बाईसाहेब, तुमच्या त्या वहीत शब्बाथचा एक तरी आकडा आहे काय?" मिखाएलने सगळ्यांदेखत विचारले.

नव्हता. कसा असणार? शब्बाथला मोजणे म्हणजे काम, आणि लिहिणे तर त्याहून मोठे काम. सहा वर्षांत त्या दिवशी कुणी दोर सोडला नव्हता. पठ्ठ्याने नेमकी तीच फट हेरली होती. लोक हसले, आणि येहुदितच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी उजाडताच ती दोर घेऊन विहिरीवर हजर. पाणी अजून वरच होते. सहा वाजता गावोगावच्या पंपांची धडधड सुरू झाली. दहाला तिने दोर सोडला, तर पाणी चार बोटे खाली. दुपारी आणखी खाली. तिने वही मिटली, खुदकन हसली आणि योएल मिस्त्रीचे घर गाठले. नाल्याकाठच्या चारही गावांचे पंप तोच सांभाळायचा.

"योएलभाऊ, पंपांना तेलपाणी कधी करणार?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, टीचरबाई."

"मग बुधवारी करा. चारही एकदम, दिवसभर बंद. आणि तोंडाला कुलूप!"

बुधवारी सकाळी तिने मनाशेकाकांसमोर नवी रेघ ओढली. संध्याकाळी गाव जमा केले. मिखाएल रोपांची यादी करायला गावातच मुक्काम ठोकून होता, तोही आला. येहुदितने डोळे मिटले, हात वर केले.

"काल पाढ्यांतली दिडकी माझ्या स्वप्नात आली! म्हणाली, येहुदित, मला विहिरीत म्हण, पाणी वर येईल. एक दीड दीड! बे दीड तीन! त्रिक दीड साडेचार!"

"काय हा चावटपणा!" मिखाएल ओरडला. "बुधवारी पाणी येत नसतं!"

मनाशेकाकांनी कंदील सोडला. रेघ पाण्याखाली होती. लोक काठावरून वाकून पाहू लागले. शेवटी सिपोराआजी हळूच म्हणाली, "अगं, पावकी म्हटली असतीस तर कमी आलं असतं काय गं?"

हशा पिकला. येहुदितने तो ओसरू दिला.

"आजी, पाणी दिडकीनं नाही आलं. योएलभाऊंनी आज चारही गावांचे पंप बंद ठेवले. या नाल्याचं सगळं खोरं म्हणजे जमिनीखालचा एकच हंडा आहे. चार गावं त्यात पेले बुडवतात. शब्बाथला चौघंही थांबतात, म्हणून इथलं पाणी वर येतं. नवा थेंब कुठून येत नाही."

"आणि हे मिखाएलला चांगलं ठाऊक आहे," योएल म्हणाला. "माझ्याआधी या पंपांवर हाच होता. महिन्यातला एक शब्बाथ तुमच्याकडे, बाकीचे वरच्या तीन गावांत. तिथंही झरा फुटलाय. तिथंही संत्रीच!"

एकच पाणी दाखवून चार गावांना रोपे विकायची! मनाशेकाकांचे डोळे भरून आले. "अरे, हन्नाबींच्या नावावर?" एवढेच ते म्हणाले. मिखाएलला एकाएकी यरुशलेमचे काम आठवले आणि तो बसच्या दिशेने निघाला.

रूबेन मात्र हट्टी. "पण पाणी आहे ना?"

"आहे. अकरा हात. दरसाल एक वीत उतरतंय, दोन वितींचा एक हात. कर हिशेब."

रूबेनने बोटांवर मोजले. "बावीस वर्षं."

"तीही चार गावांनी आजच्याइतकंच उपसलं आणि पाऊस दगा न देता पडला तर. चौघांनीही बागा लावल्या तर किती उरतील? आणि संत्र्याचं झाड किती जगतं?"

"चाळीस," रूबेन पुटपुटला, आणि मिखाएलच्या मागे राहिलेल्या यादीतले आपले नाव त्याने स्वतःच्या हाताने खोडले.

पुढच्या आठवड्यात चारही गावांची मंडळी प्रथमच एका टेबलाभोवती बसली. मधोमध येहुदितची वही होती, आणि कोणी किती उपसायचे यावर कडाक्याचे भांडण चालले होते. ते भांडण फार शहाणपणाचे होते. वाचकहो, हन्नाबींची आठवण जरूर काढा. पण जमिनीखाली पाणी किती दिवस पुरेल, हे एका संध्याकाळच्या चमत्काराला विचारू नका. वर्षानुवर्षे मोजा, आणि शेजारी किती उपसतो तेही विचारा. तो तुमच्याच हंड्यातले पितो आहे, आणि तुम्ही त्याच्या.