वासाच्या डब्या

“तोंड मिट. वाफ नाकाने ओढायची.”

“नाक बंद आहे माझं.”

“म्हणूनच ओढायची. उघडं असतं तर इथे कशाला आली असतीस, माझं तोंड बघायला?”

सात वर्षांची ती मुलगी मास्कच्या आतून हसली. नेब्युलायझर घरघरत होता. मुलांच्या दवाखान्यातल्या या कोपऱ्यातल्या खोलीत सिस्टरांनी एकवीस वर्षं वाफा देण्यात काढली होती. दम्याची पोरं, त्यात सायनसने नाकं चोंदलेली. ही पोरं सिस्टरांना वाफमावशी म्हणत.

आज हिची दहावी वाफ. कित्येक महिन्यांत हिला कसलाच वास आला नव्हता. आजही आला नाही तर ऑपरेशनसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवू, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून आईने पर्सचा पट्टा पिळून पिळून पार दोरी केली होती.

वाफ संपली. मावशींनी आपल्या पाच डब्या मांडल्या. कॉफी, साबण, लवंग, दालचिनी, संत्र्याची साल. दमेकऱ्यांना उग्र काही सोसत नाही, म्हणून साधेसुधेच वास. डोळे मिटून ओळखायचं, हा त्यांचा नेम.

पहिली डबी. मुलीने मान हलवली. दुसरी, तिसरी, चौथी. नाहीच. आईने खिडकीकडे तोंड फिरवलं.

पाचवी.

“शी, मावशी, काहीतरी कुजलंय.”

“थापा नकोत हं.” मावशींनी डबी स्वतःच्या नाकाशी धरली. “चांगली तर आहे.”

आईने ती घेतली आणि झटकन लांब धरली. “अहो सिस्टर, सालीला खालून बुरशी आलीय.” मग डोक्यात प्रकाश पडला, तशी ती स्टुलावर मटकन बसली. “हिला वास आला.”

कॉफीची डबी पुन्हा फिरली. “जरासा येतोय,” मुलगी म्हणाली. डॉक्टर डोकावले, नाक तपासलं. “ऑपरेशनचं तूर्त राहू दे. वाफ चालू ठेवा.” आई फोन करायला बाहेर पळाली.

मुलगी मात्र मावशींकडे टक लावून होती.

“तुम्हाला नाही आला वास?”

“सर्दी आहे गं.”

“कधीपासून?”

“झाली असतील अकरा वर्षं.”

“मग वाफ घ्या ना.”

“घेतली की. माझं नाक हट्टी निघालं.”

मुलीने विचार केला. “पुढच्या वेळी सगळ्या डब्या आधी मी हुंगून देईन. कुणाला सांगणार नाही.”

“ये. कामाची आहेस.”

ती गेल्यावर मावशींनी डबी घासली, ताजी साल घातली. रोजच्यासारखी ती नाकाशी धरून त्या जरा वेळ थांबल्या. मग झाकणावर आजची तारीख लिहिली.