मिस अर्लीन माझ्यावर बसून राहिल्या तो सामना

मी अमेरिकन फुटबॉलचं एक जुनं हेल्मेट आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी कुणी मोठा रक्षक नाही. मी कवटी फुटू देत नाही, एवढंच माझं काम. आतला मेंदू धक्क्यासरशी आतल्या आत आपटतो, त्याला मी काहीही करू शकत नाही. हे कारखान्यातच माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलं होतं. नऊ हंगामांत एकाही गड्याने ते वाचलं नाही. वाचायचं नव्हतंच कुणाला.

साच्यातून निघालो तेव्हा मी सगळ्यात मोठ्या मापाचा होतो. तोंडापुढे लोखंडी जाळी, आत हवा भरायच्या उशा. पाइक क्रॉसिंग कॉलेजात खोकं उघडलं तेव्हा कोच हॅगन हसले, "हे काय बैलासाठी मागवलंय?"

"बैल येईल की कधीतरी," मिस अर्लीन म्हणाल्या. मिस अर्लीन स्ट्राउड या तिथल्या खेळाच्या साहित्याच्या खोलीच्या मालकीणच. पगारी नोकर होत्या, पण खोलीत शिरताना कोचसुद्धा दार वाजवत. प्रत्येक सामन्यानंतर त्या प्रत्येक हेल्मेट मांडीवर घेत, विजेरी लावत आणि अंगठा फिरवत फिरवत तपासत. माझी एवढी निगा पुढे कुणी राखली नाही.

बैल आला तो माझ्या सहाव्या हंगामात. लेलँड ओस्टरकँप, मक्याच्या शेतावरचा. त्याला मान नव्हतीच, खांद्यांवर थेट डोकं. तो रांगेतला मधला गडी. चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड माणसाला कपाळाने अडवायचं, हे त्याचं काम. त्याच्या उजव्या हाताला क्विन्सी टेट. तो शहरातला, बारीक मिशीचा, तोंडाळ. लोक चेंडू फेकणाऱ्याकडे बघतात, पळणाऱ्याकडे बघतात. या रांगेतल्या पाच जणांकडे त्यांच्या आयासुद्धा बघत नाहीत, कारण त्या डोळे मिटून घेतात. पण मी बघितलंय. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून ही पाच पोरं जी भिंत उभी करत, तिच्यासारखं सुंदर मी दुसरं काही बघितलेलं नाही.

आमच्याकडे चांगल्या खेळाबद्दल हेल्मेटवर चिकटवायला गव्हाच्या ओंबीचं चित्र देतात. पळणाऱ्या पोरांची हेल्मेटं ओंब्यांनी भरलेली असत. माझ्यावर तीन हंगामांत चार आल्या. लेलँडला त्याचं काही वाटत नसे. क्विन्सी मात्र चिडवायचा, "लेल्या, तुझ्या शेतात दुष्काळ पडलाय रे!"

चौथ्या, म्हणजे लेलँडच्या शेवटच्या वर्षी नवल घडलं. आदल्या साली दोनच सामने जिंकलेला हा संघ हरेचना. ऑक्टोबरात चिखलात जिंकला, नोव्हेंबरात बर्फात जिंकला. गावातल्या न्हाव्याने दुकानावर पाटी लावली, संघ हरेपर्यंत दाढी फुकट. बिचारा डिसेंबरपर्यंत फुकट दाढ्या करत बसला.

पण मी राग धरून आहे तो ऑगस्टमधल्या एका गोष्टीचा. हंगामाआधी प्रत्येक गड्याला संगणकापुढे बसवतात. शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात आणि थोड्या वेळाने विचारतात, काय काय आठवतं? ते गुण जपून ठेवतात. पुढे डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा घेतात. गुण घसरले तर खेळ बंद. आता यावर पोरांनी काढलेला तोडगा ऐका. जुनी पोरं नव्यांना शिकवतात की ऑगस्टमध्ये मुद्दाम चुका करायच्या. म्हणजे पुढे घसरायला जागाच उरत नाही.

"मी एवढा चुकलो की त्यांना वाटलं असेल कणीस बसलंय खुर्चीत," असं लेलँड मला काखेत घेऊन अभिमानाने सांगत होता. सगळी रांग खिदळली. क्विन्सीसुद्धा. त्यानेही तेच केलं होतं.

उपांत्य सामन्यात शेवटच्या पाव भागात मला धक्का बसला. नऊ वर्षांत तसा बसला नव्हता. माझ्या कपाळापासून कानापर्यंत चीर गेली. लेलँड उठला आणि शांतपणे चालत समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. क्विन्सीने धावत जाऊन त्याचा सदरा मागून धरला.

"अरे ए, आपले इकडे आहेत! चल."

"कोणाशी खेळतोय आपण?" लेलँडने विचारलं.

"गप. खाली वाक. मी 'दे' म्हटलं की चेंडू द्यायचा. बाकी काही करू नकोस."

उरलेले सहा डाव क्विन्सी त्याच्या कानात 'दे' म्हणत राहिला. संघ जिंकला. कोच हॅगन यांनी काही विचारलं नाही. ते वाईट नव्हते. त्यांना उत्तर नको होतं, म्हणून त्यांनी प्रश्न विचारला नाही. आणि हे वाईटपणाहून वाईट आहे, असं मी म्हणतो.

संघाच्या डॉक्टरांना शंका आली, म्हणून सोमवारी परीक्षा झाली. लेलँड पास झाला! ऑगस्टमध्येच नापास होऊन बसला होता ना. शनिवारी अंतिम सामना.

त्याच संध्याकाळी मिस अर्लीनचा अंगठा माझ्या चिरेवर थांबला. त्यांनी विजेरी जवळ आणली. मग विजेरी विझवली आणि क्विन्सीला बोलावून घेतलं, कारण त्याला लेलँडचा सदरा ओढताना त्यांनी बघितलं होतं. मला त्याच्या मांडीवर ठेवलं.

"बोट घाल त्यात."

"मिस अर्लीन, दुसरं हेल्मेट मागवा की. चार दिवस आहेत."

"हेल्मेट मी तासाभरात मागवते. हे डोकं कुठून मागवू, ते सांग."

क्विन्सीने बोट चिरेतून कानापर्यंत फिरवलं. 

"त्याने चार वर्षं याच सामन्याची वाट बघितलीय," तो म्हणाला. "मी सांगितलं तर तो माझं तोंड बघणार नाही."

"न बघू दे. बघायला जिवंत राहील ना? एका माराने मेंदू सुजलेला असताना दुसरा बसला, तर पोरं मैदानावरच जातात, क्विन्सी."

क्विन्सी उठला आणि डॉक्टरांकडे गेला. सहा डाव, कानातलं 'दे', ऑगस्टमधल्या मुद्दाम केलेल्या चुका, त्याच्या स्वतःच्याही, सगळं त्याने सांगितलं. लेलँडचा खेळ बंद झाला. आणि मधल्या जागेवर कुणाला उभं केलं? क्विन्सीलाच. दुसऱ्या कुणाला ते जमण्यासारखं नव्हतं.

"फितूर," लेलँड त्याला सगळ्यांदेखत म्हणाला. मंगळवारी बोलला नाही, बुधवारी बोलला नाही. उजेड सोसत नव्हता म्हणून काळा चष्मा लावून बाकावर बसून राही. सरावात क्विन्सीचा चेंडू एकदा मागच्या फेकणाऱ्याच्या डोक्यावरून गेला, एकदा जमिनीवर आपटला. गुरुवारी बाकावरून आवाज आला.

"मनगट वळव, गाढवा. चेंडू काय परातीत वाढतोयस?"

क्विन्सीने मनगट वळवलं. चेंडू सरळ गेला.

"पुन्हा," लेलँड म्हणाला.

शनिवारी मला खरं तर साहित्याच्या खोलीतच ठेवायचं होतं. पण लेलँडने मला गुपचूप आपल्या पिशवीत कोंबलं होतं. मैदानाच्या कडेला मिस अर्लीननी मला ओढून काढलं, जमिनीवर ठेवलं, वर घोंगडी टाकली आणि त्या माझ्यावर बसल्या. चांगल्या वजनदार बाई.

तेव्हा मित्रांनो, आमच्या संघाचा सगळ्यात मोठा सामना मी बघितलेला नाही. मी फक्त ऐकला. बँड ऐकला, हाडांचे आवाज ऐकले. शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि जी ओलांडली की सहा गुण मिळतात ती रेषा दोन पावलांवर होती. लेलँड मिस अर्लीनपुढे गुडघ्यांवर बसला.

"एकच डाव, मिस अर्लीन. पाया पडतो. एकच."

"नाही."

"तो गडबडेल. दमलाय तो."

"मग तिथून ओरडून सांग त्याला. तोंडाला कुठे लागलंय तुझ्या?"

लेलँड उठला. आणि डोकं ठणकत असताना, आठवडाभराचा राग गिळून, पूर्ण छाती भरून तो ओरडला, "क्विन्सी! मनगट!"

मग क्षणभर शांतता, आणि माणसांवर माणसं आदळल्याचा आवाज. मला काहीच कळेना. तेवढ्यात माझ्यावरचं वजन उठलं. सामना सुरू झाल्यापासून मिस अर्लीन पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या. घोंगडी सरकली, उजेड आला, आणि मला समजलं की आम्ही जिंकलो.

वसंतात सगळ्यांना विजेतेपदाची एकेक ओंबी मिळाली. लेलँडलाही. त्याने ती माझ्यावर लावली नाही. क्विन्सीला धरून ती त्याच्या कपाळावर थापली. "अरे, हेल्मेटवर लावायची असते, लेल्या!" "गप बस. जिथं शहाणपण उगवलं तिथंच लावतोय."

भर उजेडात लेलँड अजूनही डोळे बारीक करतो. पण त्याला मक्याचे दर तोंडपाठ आहेत आणि क्विन्सीच्या मुलीचा वाढदिवसही.

मी आता कुणाच्या कामाचा नाही. दर ऑगस्टमध्ये मिस अर्लीन मला त्या संगणकाशेजारी आणून ठेवतात. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक पोराला आधी माझ्या चिरेत बोट घालायला लावतात आणि म्हणतात, "आता खरं लिही." मित्रांनो, मला पुसू नका, झळाळी आणू नका. चीर तेवढी बुजवू नका.