व्हेंदेलाच्या गालाची जागा

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. स्वीडनच्या उत्तरेला जंगलालगतच्या एका घरात, लोखंडी कपाटात कुलूपबंद असते. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. त्यावर एका जागी वार्निश पार उडाले आहे. तिथे व्हेंदेलाचा गाल टेकत असे.

एकतीस वर्षे मी तिच्याबरोबर मूस हरणांच्या शिकारीला गेले. गावच्या शिकारी टोळीत प्रत्येकाची जंगलात दबा धरून बसायची जागा ठरलेली असे; सात नंबरची जागा तिची. तिचा नवरा एव्हर्ट थर्मास घेऊन शेजारी बसे. माझी मागची खाच आणि नळीच्या टोकावरचा काटा त्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नसे. म्हणून त्याने नेम धरणे कधीच सोडले होते.

या वसंतात व्हेंदेला गेली. त्यानंतर एव्हर्टची पावले कपाटापर्यंत येत, थांबत आणि परत जात. मला आत चैन पडेना.

ऑगस्टमध्ये टोळीचा म्होरक्या स्टूरे आला.

"यंदा सातवर कोण बसणार?"

"मीच," एव्हर्ट म्हणाला.

"तू? अरे, तुला समोरचा कप दिसत नाही!"

"लाल ठिपक्याची काच बसवून घेतो रायफलवर."

"बसव बाबा. पण महिनाअखेर नेमबाजीच्या मैदानावर धावत्या लाकडी मूसला चार गोळ्या लागल्या पाहिजेत. नाहीतर तू शेकोटीपाशी, कॉफी उकळायला."

"नाही जमलं तर हिला पोलिसांकडे देऊन टाकीन. वितळवू देत."

वितळवू देत! तो शब्द माझ्या नळीत घुमत राहिला.

बंदुकांच्या दुकानातल्या इंगेलाने दोन काचा दाखवल्या. नेम धरताना काचेत लाल ठिपका दिसतो, तो लक्ष्यावर ठेवायचा, एवढेच. पहिली काच मोठी आणि महाग होती, पण उंच बसत होती. एव्हर्टने दस्त्यावर गाल टेकवला, तर ठिपका दिसेना. दिसावा म्हणून गाल उचलावा लागला.

"ही नको," तो लगेच म्हणाला. "गाल इथेच राहिला पाहिजे."

त्याने लहान, बसकी काच घेतली. ती बसवायला माझ्या पाठीवर चार भोके पाडली. मी अंग चोरून घेतले. स्क्रू आवळल्यावर कारागीर म्हणाला, "दस्ता पण घासून देऊ का? चकचकीत करतो."

"हात लावू नकोस त्याला!" एव्हर्ट एवढ्या जोरात ओरडला, की कारागिराच्या हातून फडके पडले.

मैदानावर मात्र सगळे फिसकटले. ठिपका एव्हर्टला गोल दिसेना, शेपटी फुटल्यासारखा दिसे. त्याने स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले, ठिपक्याचा उजेड वाढवला. शेपटी आणखी लांबली. रुळावरून लाकडी मूस धावला आणि चारातल्या तीन गोळ्या मागे मातीत गेल्या. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

तो तडक दुकानात गेला. "बिघडलेली काच दिलीस मला!"

इंगेलाने त्याचाच फोन काचेमागे धरून फोटो काढला. फोटोत ठिपका वाटाण्यासारखा गोल होता.

"काच ठीक आहे, आजोबा. बिघाड तुमच्या डोळ्यात आहे. चष्मा कधी बदलला होता?"

एव्हर्टने चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाला, "बायको दोन वर्षं सांगत होती."

चष्मा आठव्या दिवशी आला. नवव्या दिवशी त्याने ठिपक्याचा उजेड कमी केला, गाल टेकवला, श्वास रोखला. लाकडी मूस धावला. चारही गोळ्या खांद्यामागे, मुठीएवढ्या जागेत लागल्या.

"कॉफी आता मीच उकळतो," स्टूरे म्हणाला.

शिकारीच्या पहिल्या सकाळी आम्ही सात नंबरवर बसलो. एक मादी आली, तिच्यामागे पिल्लू. एव्हर्टने मला उचललेच नाही. थर्मास उघडून त्याने दोन कप भरले. एक प्यायला. दुसरा थंड झाल्यावर शेवाळावर ओतला. मग मला मांडीवर घेऊन पुसू लागला.

मित्रांनो, मला मोठ्यांच्या कुलपातच राहू द्या. पण कुणाची जुनी वस्तू तुमच्या हाती आली, तर तिला तेल द्या, तिचा गंज काढा, हवे तर नवी काचही बसवा. फक्त तिची झिजलेली जागा घासू नका. तिथे कुणीतरी रोज टेकत होते.

एव्हर्टने मला टोकापासून टोकापर्यंत पुसले. त्या जागेपाशी आल्यावर त्याने फडके बाजूला ठेवले.