एकदाच विचारलं

आमच्या सपनाला, म्हणजे माझ्या सुनेला, हल्ली माझं बोलणं जड होतं. "जेवलीस का?" असं दुसऱ्यांदा विचारलं की डोळे फिरवते. मोबाइलवर फुकटचा कोर्स करते बाई. निरोप इथून तिथे कसा जातो, कमीत कमी शब्दांत कसा पाठवायचा, त्याचं शास्त्र. ते शिकून मलाच म्हणते, "आई, समोरच्याला जे आधीच ठाऊक असतं, त्यात माहिती शून्य. एकदा सांगितलं की पुरे."

शून्य! चौथीतून शाळा सोडली मी, पण अर्ध्या गल्लीच्या सोयरिकी याच तोंडाने जमवल्या.

म्हटलं, बरं. एकदाच सांगेन.

कोर्स फुकट, पण परीक्षा धुळ्याला जाऊन द्यायची. पास झाली तर जळगावच्या एका कॉलेजात लॅबची नोकरी पक्की होती. त्या सकाळी पोरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. आधार कार्ड फ्रिजवरच राहिलेलं मी पाहिलं. ठेच्यासाठी मिक्सर लावला आणि तो गरगरत असतानाच विचारलं, "सपना, कार्ड लिधं का?"

"हो हो, आई!" काय विचारलं ते न ऐकताच म्हणाली. मी दिलेला डबा पिशवीत कोंबला आणि अमळनेर स्टँडकडे पळाली.

धुळ्याहून फोन आला. "आई, कार्ड घरी राहिलं! गेटवरचा माणूस आत सोडत नाही. सगळी मेहनत गेली हो!"

"मी विचारलं होतं."

"कधी?"

"मिक्सर चालू असताना. एकदाच. तुझ्या शास्त्राप्रमाणे."

पलीकडे नुसते हुंदके. मग मात्र मी सांगून टाकलं. "येडी, रडू नको. डबा उघाड. भाकरीना खाले देख."

प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मीच ठेवलं होतं. गेटवरच्या माणसाने कार्ड आधी नाकाशी नेलं म्हणे, मग डोळ्यांशी.

संध्याकाळी आली ती हसतच. पेपर चांगला गेला होता. "आई, शेवटच्या धड्यात आहे. गोंगाट असला तर निरोपाबरोबर थोडं जास्तीचं पाठवायचं, म्हणजे हरवलेलं सापडतं. पण थोडंच हं! बठ्ठं, सगळंच्या सगळं, परत परत नाही."

म्हणजे ठाऊक होतं हिला! मी ताट वाढलं, पदर खोचला आणि तोंडावर सांगितलं:

"सपना, तू हुशार शे, पण कान उघडे ठेव. मी पहिल्यांदा बोलते ते मिक्सरसाठी. दुसऱ्यांदा बोलते ते तुझ्यासाठी. आता सांग, दुपारी जेवलीस का? जेवलीस का?"