अर्ध्या भरलेल्या कांड्या

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे. नागपुरात महालामागच्या विणकर वस्तीत, एका बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत मी राहतो. राहतो म्हणजे रोवलेला आहे. माझे खांब जमिनीत गेले आहेत आणि मधोमध एक खड्डा आहे. विणणारा त्या खड्ड्याच्या कडेवर बसतो, पाय आत सोडतो आणि खालच्या पट्ट्या पायाने दाबतो. मला कुठे हिंडता-फिरता येत नाही, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाकडे निरखून पाहायची खोड मला लागली. भोचक म्हणा हवे तर.

उमरेडच्या कवडू सुताराने एकसष्ट साली मला सागवानातून घडवले. देवाजी विणकराने मला बैलगाडीतून घरी आणले, आणि त्याच्या बायकोने, तुळसाबाईने, मला हळदकुंकू वाहिले. त्या दिवसापासून कामाची वाटणी ठरून गेली. तुळसाबाई दाराशी चरख्यावर बसून कांड्या भरायची. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली छोटी नळी. ती धोट्यात बसते, धोटा इकडून तिकडे पळतो आणि कापड विणले जाते. कांडीतले सूत संपले की मी थांबतो. नवी कांडी घातली की पुन्हा सुरू. आमच्या लुगड्यांचे कापड इतके घट्ट असायचे की व्यापारी ते बोटांनी चाचपून मान डोलवायचा. ती दाद मी खुशाल माझी समजायचो.

देवाजीला बिडीचे व्यसन होते. पेटती बिडी तो माझ्या चौकटीवर टेकवून ठेवायचा. त्याचे काळे डाग माझ्या अंगावर अजून आहेत. पुढे खोकला मागे लागला. सूत ठोकून घट्ट बसवणारी फणी ओढताना ऐन ठोक्याला उबळ आली की ती वाकडी बसायची आणि कापडावर आडवी रेघ उमटायची. शेवटी तुळसाबाई त्याला धंतोलीच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. बिडी सोडली नाही तर हा माणूस श्वासाला महाग होईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. बिडी सुटल्यावर खाखा सुटते, वजन थोडे वाढते, पण त्याला भिऊन परत बिडीकडे वळू नका, आणि खावेसे नेमके केव्हा वाटते तेवढे बघत जा, असेही ते म्हणाले. देवाजी घाबरून पहिल्याच वाक्यावर अडकला होता. बाकीचे तुळसाबाईने लक्षात ठेवले आणि घरी येऊन माझ्यासमोर त्याला पुन्हा ऐकवले.

बिडी सुटली. सुरुवातीला तो माझ्यावर असे ठोके घालायचा, जणू बिडीचे बंडल मीच लपवले होते. मग त्याने शेजारी फुटाण्यांचा डबा ठेवला. फुटाण्यांना गुळाची जोड मिळाली, मग चिवडा आला. खोकला गेला, पण पोट आले. विणलेले कापड ज्या लाकडावर गुंडाळले जाते ते विणकराच्या अगदी पोटाशी असते. देवाजीचे पोट त्याला टेकले, मग दाबले गेले, मग त्याला वाकताच येईना. शेजारचा धोंडबा खिडकीतून डोकावून रोज विचारायचा, "देवाजी, कितवा महिना चालू हाये गा?" वस्ती हसायची. देवाजीही हसायचा, पण त्यानंतरचे त्याचे ठोके मला लागायचे. त्याला फार वाईट वाटत होते.

मग त्याने एक शक्कल काढली. कुदळ घेतली आणि खड्ड्याची मागची कड वीतभर खणून काढली. आता पोटाला जागा झाली. पण मित्रांनो, हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तो मागे सरकला, पण हात काही लांब झाले नाहीत. फणी ओढायला जोर पुरेना. कापड झिरझिरीत निघू लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा व्यापाऱ्याने आमचे लुगडे परत केले. त्या संध्याकाळी देवाजी कडेवर नुसता बसून राहिला.

"बिडी होती तवा छाती गेली. आता बिडी नाही तं हात गेले," तो म्हणाला. "मी उद्या बंडल आणतो."

तुळसाबाई रडली नाही, भांडलीही नाही. ती एवढेच म्हणाली, "उद्याचा दिवस मले द्या. परवा आणजा."

दुसऱ्या दिवशी मला काहीतरी वेगळे जाणवले. धोटा हलका पळत होता. कांडी बसते न बसते तोच संपायची. कांडी संपली की मी थांबायचो, मी थांबलो की देवाजीचा हात डब्यात. पुन्हा कांडी, पुन्हा डबा. सकाळी दोन भाकरी खाऊन बसलेला माणूस, पण दुपारच्या जेवणाआधीच डब्याचा तळ दिसला. देवाजी वैतागला.

"काहून वं, अर्ध्याच कांड्या भरून राहिली तू?"

"मुद्दाम भरल्या," तुळसाबाई म्हणाली. "कांड्या अर्ध्या केल्या, तं तुमचे फुटाणे दुप्पट झाले. पोट तं कालचंच हाये ना?"

देवाजी हातातल्या रिकाम्या कांडीकडे बघत राहिला. "म्हणजे मी भुकेनं नाही खात?"

"पहिले कांडी संपली का बिडी पेटवत होते. आता कांडी संपली का डबा उघडता. हाताले सवय लागली हाये, पोटाले काय ठाव?"

मी तर थक्कच झालो. इतकी वर्षे मी या माणसाला न्याहाळत होतो, दर वेळी थांबत होतो मीच, आणि मलाच कळले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

देवाजीने बंडल आणले नाही. तुळसाबाईने कांड्यांची टोपली त्याच्या हाताशी ठेवायचे बंद केले आणि ती अंगणात रांजणाजवळ ठेवली. कांडी संपली की त्याने खड्ड्यातून वर यायचे, पेलाभर पाणी प्यायचे आणि कांडी घेऊन परतायचे. डबा स्वयंपाकघरात गेला. जेवण वेळेवर आणि पोटभर. दुपारी खरेच भूक लागली तर काकडी नाहीतर मुळा. पहिले काही दिवस तो माझ्या खांबाला धरून कण्हत उठायचा आणि बायकोच्या नावाने बोटे मोडायचा. पोळ्याला त्याने पुरणपोळ्या चापल्याच. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा रांजणाची वाट धरली. काही महिने गेले आणि पोट ओसरू लागले. सगळे नाही, पण पुष्कळसे.

एके सकाळी तुळसाबाईने माती कालवली, खणलेली कड पुन्हा भरून काढली आणि वर सारवले. ते वाळल्यावर देवाजी बसला. पोट लाकडाला जेमतेम शिवले. त्याने फणी ओढली आणि जुना, भरीव ठोका माझ्या सांध्यासांध्यातून गेला. त्याला खोकला आला नाही.

आता सगळीकडे यंत्रमाग झाले आहेत. माझ्या वयाचे कितीतरी माग चुलीत गेले. देवाजी मात्र रोज थोडा वेळ माझ्यापाशी बसतो. पोट अजून थोडे आहेच, आणि त्यावर अजूनही कोणीतरी काहीतरी बोलते. मग तुळसाबाई चरख्यावरून मान न उचलता म्हणते, "पोट राहू दे गा, माणूस हाये ना घरात."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी बिडी, तंबाखू सोडेल. तो जाड होईल, चिडेल, सारखा खाईल. त्याला हसू नका. जवळ बसा आणि त्याचा हात केव्हा डब्याकडे जातो, ते मायेने पाहा. आमच्या वस्तीतल्या त्या हसण्याने देवाजी बिडीच्या दुकानापर्यंत जवळजवळ पोचलाच होता.